अरुंद झडप : नाव आणि माप



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहावे आणि हृदयाच्या झडपेवर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. परंतु कामगाराचे प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाहीत. दवाखान्यातून त्याच्या हाती एक कागद येतो. त्यावर चार इंग्रजी शब्द असतात, आणि त्या चार शब्दांपायी कोणाची नोकरी जाते, कोणाचे ठरलेले लग्न मोडते, कोणाच्या लेकराचा जीव टांगणीला लागतो. असा कागद घेऊन माणसे युनियनच्या कचेरीत येतात. कारण तो वाचून दाखवणारे दुसरे कोणी त्यांना ठाऊक नसते. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आमच्या वाट्याला थोडी आली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून आणि भल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून. तेव्हा आज आम्ही कोणाला औषध सांगणार नाही. कागद वाचायला शिकलेल्या माणसाने दुसऱ्याला तो वाचायला शिकवावा, एवढाच आमचा अधिकार.

आजचा विषय आहे हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप अरुंद असणे. डॉक्टर त्याला ‘पल्मनरी स्टेनोसिस’ म्हणतात. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या दुखण्याचे नुसते नाव कळून भागत नाही. त्याचे माप कळावे लागते. नावावर थांबल्यामुळे एका बाजूला धडधाकट माणसाला अपंग ठरवले जाते आणि दुसऱ्या बाजूला खरोखर आजारी पोराला आळशी म्हटले जाते. हे दोन्ही अन्याय आम्ही पाहिले आहेत. त्यांची हकीकत पुढे येईलच. आधी हृदयाची रचना पाहू.

हृदय म्हणजे एक पंप नव्हे, शेजारी शेजारी जोडलेले दोन पंप होत. प्रत्येकाला वर एक आणि खाली एक असे दोन कप्पे. उजवा पंप अंगभर फिरून आलेले काळपट रक्त घेतो आणि फुप्फुसांकडे ढकलतो. तेथे हवा मिळून ते लाल होते, डाव्या पंपाकडे येते, आणि डावा पंप ते पुन्हा अंगभर पाठवतो. हा फेरा विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 साली ग्रंथ लिहून मांडला. रक्त मागे फिरू नये म्हणून वाटेत चार झडपा आहेत. त्यांपैकी उजव्या खालच्या कप्प्याच्या तोंडाशी जी झडप आहे तीच आजची आपली झडप. तिला तीन पातळ पाकळ्या असतात. ठोक्यासरशी त्या उघडतात आणि ठोका संपताच मिटतात. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त या एका दारातून जाते.

काही मुलांच्या बाबतीत या पाकळ्या जन्मतःच कडांना एकमेकींस चिकटलेल्या असतात. मग झडप दारासारखी उघडत नाही. ती घुमटासारखी फुगते आणि घुमटाच्या टोकाला जे लहान भोक राहिले असेल त्यातून सगळे रक्त जावे लागते. क्वचित पाकळ्याच जाड आणि ताठर असतात. कधी अडथळा झडपेच्या जरा अलीकडे किंवा पलीकडेही असतो. परंतु पुष्कळ वेळा दोष असतो तो चिकटलेल्या पाकळ्यांचाच.

आता हे नीट समजून घ्यायला ज्यांनी डाईंग खात्यात बॉयलरवर काम केले आहे त्यांना आमची गरज नाही. वाफेच्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह अर्धवट मिटला तर काय होते? व्हॉल्व्हच्या अलीकडचे घड्याळ चढते, पलीकडचे उतरते, आणि त्या चिंचोळ्या फटीतून वाफ शीळ घालीत सुटते. हृदयात हुबेहूब तेच घडते. उजव्या खालच्या कप्प्यातला दाब एरवी पाऱ्याच्या 25 मिलिमीटरच्या आसपास असतो. डाव्याला सगळे अंग पुरवायचे असते, म्हणून तेथे तो 120 च्या घरात. उजव्याचे काम हलके, म्हणून त्याची भिंतही पातळ. त्याच्या तोंडची झडप अरुंद झाली की त्याला जोर वाढवावा लागतो. फार अरुंद झाली तर दाब डाव्या कप्प्याइतका, कधी त्याच्याही वर जातो. तालमीत घुमणाऱ्याचे दंड जसे जाड होतात तशी त्या कप्प्याची भिंत जाड होते. पण दंडाची जाडी शोभा देते, हृदयाची देत नाही. जाड भिंत ताठर होते, कप्पा नीट भरेनासा होतो, आणि वर्षे लोटली की तो थकतो. शीळ घालणाऱ्या वाफेचे उदाहरण ध्यानात असू द्या. पुढे निदानाची सारी गोष्ट त्या शिळेवरच उभी आहे.

हा दोष किती मुलांत असतो? जन्मणाऱ्या दर हजार मुलांत सुमारे आठ-नऊ मुलांच्या हृदयात जन्मतः काही तरी उणे असते, आणि अशा शंभर मुलांत साधारण आठ-दहांचे उणे या झडपेचे असते. कारण विचाराल तर बहुतेकांच्या बाबतीत एक असे कारण सापडत नाही. काही घराण्यांत ‘नूनन सिंड्रोम’ नावाची जन्मजात ठेवण असते, तिच्यात ही झडप जाड असते. गरोदरपणाच्या सुरुवातीस आईला रुबेला झाला तर मुलाच्या डोळ्यांना आणि हृदयाला इजा होते, हे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी 1941 साली दाखवले. फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिन्या अरुंद होणे हा त्यातलाच एक प्रकार. त्यावर लस आहे, आणि भारतात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम 2017 साली सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत गोवा होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे अशा मुलाच्या आईकडे बोट दाखवतात. ग्रहणात भाजी चिरलीस, जड उचललेस, अमुक खाल्लेस. हृदयाची घडण गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जवळजवळ पुरी होते. पुष्कळ बायांना तोवर दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. या झडपेचा आणि ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. आईला बोल लावणाऱ्याने आधी तिची क्षमा मागावी.

आणखी एक घोटाळा वस्तीवस्तीत आहे. ‘झडपेचा आजार’ म्हटला की लोकांना लहानपणी घसा सुजून, सांधे धरून येणारा ताप आठवतो. तो ऱ्हुमॅटिक ताप गरीब, दाटीच्या वस्तीचा वैरी खरा, पण तो मुख्यतः डाव्या बाजूच्या झडपा बिघडवतो; आपल्या या झडपेच्या वाटेला तो सहसा जात नाही. तसेच ‘ब्लॉकेज’ म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तुंबणे, हे वेगळे. ‘हृदयाला छिद्र’ हेही वेगळे. तिन्हींचे उपाय निराळे. म्हणून कागदावर नेमके काय लिहिले आहे हे विचारून घ्यावे.

आता लक्षणांकडे वळू. झडप थोडीशी अरुंद असेल तर लक्षण असे काही नसतेच. मूल खेळते, वाढते, म्हातारे होते. मध्यम किंवा फार अरुंद असेल तर धावताना धाप लागते, लवकर थकवा येतो, छातीत दुखते, कधी श्रमाच्या वेळी भोवळ येऊन मूल पडते. आणि झडप अगदीच मिटल्यासारखी असेल तर जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत बाळ निळे पडते. ते संकट तातडीचे. गर्भात असताना रक्ताची जी एक आडवाट उघडी असते ती प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाने उघडी ठेवून बाळाला मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. निळ्या बाळाकडे कोणाचेही लक्ष जाते. खरी अडचण आहे ती मधल्या मुलांची. ती निळी नसतात, अंगाने गुटगुटीतही असतात. फक्त मागे राहतात. आणि जन्मापासून तसेच असल्यामुळे ‘मला धाप लागते’ हे त्यांना सांगताही येत नाही. सगळ्यांचे असेच होत असेल, असे त्यांना वाटते.

आता त्या दोन हकीकती. एका यंत्रमाग कामगाराची मुलगी दहा वर्षांची. कवायतीत मागे पडायची, पाण्याची कळशी वाटेत दोनदा टेकवायची. घरात आळशी ठरली, शाळेत ढोंगी. तपासणीच्या पथकातील डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि तिला पुढे पाठवले. माप निघाले तेव्हा झडप अतिशय अरुंद. तिची आई आमच्या कचेरीत रडत म्हणाली, “अण्णा, पोरगी लबाडी करत नव्हती हो!” दुसरी हकीकत एका बावीस वर्षांच्या तरुणाची. आय.टी.आय. पास, एका कारखान्यात निवड झालेली. भरतीच्या तपासणीत छातीत आवाज ऐकू आला, कागदावर झडपेचे नाव आणि पुढे ‘अनफिट’ हा शब्द. नोकरी गेली. तपासणाऱ्याने ऐकले ते बरोबरच ऐकले होते. पण तो तेथेच थांबला. किती अरुंद, हे कोणी मोजलेच नाही. दोघांच्याही छातीत दोष एकच. मग माप कसे निघते ते पाहू, म्हणजे या दोन कागदांचा निवाडा आपल्यालाच करता येईल.

पहिले साधन कान. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकले. पुढे त्यांनी स्वतः लेथवर लाकडाच्या नळ्या कातल्या. तोच स्टेथोस्कोप. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, वरून दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या दरम्यान तो ठेवला की अरुंद झडपेतून जाणाऱ्या रक्ताची घरघर ऐकू येते. तिला ‘मर्मर’ म्हणतात. सुरुवातीला ‘टक्’ असा एक आवाज येतो, तो घुमटासारखी झडप ताणली जाण्याचा. आणि श्वास आत घेतला की तो मंदावतो. ठोक्याचा दुसरा आवाज दुभंगतो आणि त्याचा मागला भाग हलका पडतो. जाणता कान आणखी पुढे जातो. घरघर जितकी लांबत जाईल, तिचा कळस जितका उशिरा येईल, तितकी झडप अधिक अरुंद. मात्र नुसत्या मोठ्या आवाजाला भुलू नये. आणि हेही ध्यानात ठेवावे की पुष्कळ निरोगी मुलांच्या छातीतही निरुपद्रवी मर्मर ऐकू येते. मर्मर ही चौकशीची नोटीस आहे, शिक्षेचा हुकूम नव्हे.

पुढचे साधन ई.सी.जी. उजव्या कप्प्याची भिंत जाड झाली असेल तर ती खूण कागदावरच्या रेघांत उमटते. क्ष-किरणांच्या चित्रात झडपेच्या पलीकडची वाहिनी फुगलेली दिसते; चिंचोळ्या फटीतून सुटलेली धार तिच्या भिंतीवर सारखी आपटत असते म्हणून. सौम्य दोषात ई.सी.जी. अगदी नेहमीसारखा येऊ शकतो. या दोन्हींनी संशय बळावतो, माप मिळत नाही.

माप देणारे साधन म्हणजे इको. त्याचा जन्म ऐकून कामगार माणसाला अभिमान वाटावा. स्वीडनमधील लुंड येथे एडलर हे डॉक्टर आणि हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ हृदय बाहेरून पाहण्याचा मार्ग शोधत होते. माल्मोच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतले छुपे तडे शोधण्यासाठी, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे यंत्र वापरीत. हर्ट्झ यांनी ते आपल्याच छातीला लावून पाहिले, मग उसने आणले, आणि 1953 साली हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. लोखंडाचे दोष पाहणारे यंत्र माणसाच्या कामी आले. आज त्याच जातीचे यंत्र पाकळ्या किती जाड आहेत, किती उघडतात, कप्प्याची भिंत किती वाढली आहे, हे पडद्यावर दाखवते. सुई नाही, चीर नाही, क्ष-किरण नाहीत.

आणि आता ती शीळ. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती वाटते; याची उपपत्ती डॉपलर यांनी 1842 साली मांडली. त्याच न्यायाने यंत्र रक्ताच्या धारेचा वेग मोजते. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट धरले की धार जोरात उडते, तसे झडप जितकी अरुंद तितका धारेचा वेग अधिक. वेगावरून दाब काढण्याचा नियम दानिएल बर्नुली यांनी 1738 साली ग्रंथात मांडलेल्या तत्त्वातून आलेला आहे. आपल्यासाठी त्याचा हिशेब तोंडी करण्याजोगा आहे : सेकंदाला जितके मीटर वेग, त्या अंकाला त्याच अंकाने गुणा, आणि आलेल्या उत्तराला चाराने. वेग 2 असेल तर दोन दुणे चार, चार चोक सोळा : झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात 16 चा फरक. वेग 3 असेल तर 36. वेग 4 असेल तर 64. पाहा, वेग दुप्पट झाला की फरक चौपट होतो. डॉक्टर साधारणतः 36 च्या आत सौम्य, 36 ते 64 मध्यम आणि 64 च्या पुढे तीव्र असे धरतात.

आता ते दोन कागद पुढे घ्या. मुलीचा वेग होता 4.6, हिशेबाने फरक सुमारे 85. तरुणाचा वेग 2.2, फरक सुमारे 19. नाव एकच, पण एकीला उपचारावाचून गत्यंतर नव्हते, आणि दुसऱ्याला ठरावीक मुदतीने तपासणी करून घेण्यापलीकडे काही करायचे नव्हते. सौम्य दोष असलेल्या माणसाला खेळाची बंदी नसते, मग कामाची का असावी? आम्ही सरकारी रुग्णालयातून इको करून घेतला, हृदयरोगतज्ज्ञांचा लेखी अभिप्राय घेतला आणि व्यवस्थापनापुढे ठेवला. घोषणा दिल्या नाहीत, 19 हा आकडा दिला. चार महिने लागले, पण पोरगा कामावर लागला.

मापालाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. पंपच थकला असेल तर झडप कितीही तुंबली तरी घड्याळ कमी दाखवते. थकलेल्या हृदयात, किंवा आडवाट उघडी असलेल्या नवजात बाळात, आकडा फसवा निघू शकतो. लहान बाळात दोष काही महिन्यांत झपाट्याने वाढू शकतो, म्हणून एकदा मोजून स्वस्थ बसता येत नाही. मोठेपणी सौम्य असलेला दोष सहसा सौम्यच राहतो. याकरिता आकडा घ्यावा आपण, पण अर्थ लावावा तज्ज्ञाने.

उपचाराबद्दल दोनच शब्द. 1947 च्या डिसेंबरात सेलर्स यांनी आणि लगेच 1948 मध्ये ब्रॉक यांनी इंग्लंडमध्ये धडधडत्या हृदयात हत्यार घालून ही झडप उघडली. 1929 साली जर्मनीत फोर्समान या तरुण डॉक्टरांनी आपल्याच दंडाच्या शिरेतून नळी सारत हृदयापर्यंत नेली होती. त्या वाटेने पुढे शोध लागत गेले, आणि 1982 साली बाल्टिमोर येथील जीन कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याने ही झडप उघडल्याचे प्रसिद्ध केले. मांडीच्या शिरेतून बारीक नळी न्यायची, झडपेत फुगा फुगवायचा, चिकटलेल्या कडा सुटतात. बहुतेक मुलांना छाती उघडावी लागत नाही. फार जाड पाकळ्यांना मात्र कधी शस्त्रक्रियाच लागते. त्या मुलीची झडप फुग्याने उघडली. नंतर वेग 2.1 भरला. आता कळशी वाटेत टेकवत नाही, असे तिची आई सांगते. झडप पुढे थोडी गळू शकते, म्हणून तिने जन्मभर अधूनमधून तपासणीला जायचे आहे, हेही तिच्या घरच्यांना समजावले आहे.

तेव्हा श्रोतेहो, असा कागद कोणाच्या घरी आला तर घाबरू नका आणि फाडूनही टाकू नका. तीन प्रश्न विचारा. अडथळा नेमका कोठे आहे : झडपेत, तिच्या अलीकडे, की पलीकडे? माप किती आहे? आणि उजवा कप्पा कसा आहे, पुन्हा केव्हा दाखवायचे? हे तीन प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या डॉक्टरांना असे विचारलेले आवडते, हा आमचा अनुभव आहे.

बाकीचे काम आपले सर्वांचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली आपल्या पालघरला झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी व्हावी अशी ती योजना आहे, आणि जन्मजात हृदयदोष तिच्या यादीत आहेत. ज्या दिवशी पथक शाळेत येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी शांत खोली द्यावी. गोंगाटात मर्मर ऐकू येत नाही. पुढे पाठवलेले मूल खरोखर पुढे पोहोचले की नाही, याची चौकशी शाळेने, संघटनेने आणि नगरसेवकाने करावी. रोज बुडेल म्हणून बाप जात नाही, वाट ठाऊक नाही म्हणून आई जात नाही, आणि चिठ्ठी कपाटात पिवळी पडते. तपासणी झाली आणि मोजणी राहिली, तर तपासणी व्यर्थ आहे. आणि कारखानदारांनी भरतीच्या कागदावर ‘अनफिट’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्याच्या शेजारी आकडा लिहावा, ही आमची मागणी आहे. मजुरी मोजून घेतो, माल मोजून घेतो. माणसाचे हृदय तेवढे अंदाजाने का घ्यावे?